नकाशावरच्या विटा आणि भिंतीतल्या विटा

कोल्हापूर - गिलावा न करता विटा उघड्या ठेवलेल्या भिंतींना शहरातील नव्या बंगल्यांत, उपाहारगृहांत आणि कार्यालयांत पुन्हा पसंती मिळताना दिसते. अशा इमारतीचे दर्शनी रेखाचित्र, बांधकाम व्यवसायातील रूढ शब्दांत 'एलिव्हेशन', संगणकावर तयार होते तेव्हा त्यावर विटांचे थर मोठे रेखीव दिसतात. घरमालक ते पाहून समाधानी होतो आणि काम सुरू होते. मात्र कागदावरील त्या रेषांचा भट्टीवरून येणाऱ्या विटेच्या जाडीशी पुष्कळदा काहीही संबंध नसतो. तीन मीटर उंचीच्या भिंतीत नकाशा ४४ थर दाखवतो आणि जागेवर जेमतेम ३५ बसतात. गिलाव्याखाली ही तफावत झाकली जात होती. विटा उघड्या ठेवायच्या म्हटल्यावर ती खिडकीच्या उंबऱ्याशी, दाराच्या माथ्याशी आणि कोपऱ्याकोपऱ्यावर उघडी पडते.

थराची उंची ठरते कशी?

थर, किंवा जुन्या गवंड्यांच्या भाषेत रद्दा, म्हणजे विटांची एक आडवी रांग. त्याची उंची केवळ विटेच्या जाडीएवढी नसते. विटेखालच्या मसाल्याचा सांधा तिच्यात धरावा लागतो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०७७ या मानकात भाजलेल्या मातीच्या विटेची दोन प्रमुख मापे आहेत. एक १९० बाय ९० बाय ९० मिलिमीटरचे मॉड्युलर माप आणि दुसरे २३० बाय ११० बाय ७० मिलिमीटरचे, जुन्या नऊ इंची विटेच्या जवळ जाणारे. सांधा दहा मिलिमीटरचा धरला तर पहिल्या विटेचा थर १०० मिलिमीटरचा होतो, दुसरीचा ८० चा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांत हीच गोष्ट तपासणीच्या सोयीने मांडली आहे. लागोपाठ चार थर आणि त्यांमधील तीन सांधे मोजले असता मॉड्युलर विटेत ३९ सेंटिमीटर आणि दुसऱ्या विटेत ३१ सेंटिमीटर भरले पाहिजेत.

मॉड्युलर वीट सरकारी कागदपत्रांत जेवढी दिसते तेवढी कोल्हापूर परिसरातील भट्ट्यांवर दिसत नाही. येथे वीट सांगितली जाते ती इंचात. नऊ इंच लांब, चार इंच रुंद, तीन इंच जाड हे बोलण्यातले माप झाले. हाताने थापलेली वीट वाळताना आकसते, भट्टीत पुन्हा आकसते. साचा मूळ मापापेक्षा मोठा ठेवावा लागतो आणि तो किती मोठा ठेवायचा हे माती पाहून ठरते. नदीकाठची गाळाची माती आणि शेतातली काळी माती सारख्या आकसत नाहीत. त्यामुळे एका भट्टीची वीट ७२ मिलिमीटरची निघते, तर दुसरीची ७८ ची. गवंडी या फरकाला 'दोन सूत' म्हणतो. आठ सूत म्हणजे एक इंच या हिशेबाने एक सूत साधारण तीन मिलिमीटरचे होते. दोन सूत हा फरक एका विटेपुरता क्षुल्लक वाटतो, पण पंचवीस थरांत तो साचत साचत पाच-सहा इंचांपर्यंत जातो.

मानकालाही या फरकाची जाणीव आहे. आयएस १०७७ मध्ये एकेक वीट मोजायला सांगितलेलेच नाही. वीस विटा एका ओळीत लावून एकूण माप घ्यायचे. ९० मिलिमीटर जाडीच्या वीस विटा मिळून १७६० ते १८४० मिलिमीटर या मर्यादेत बसल्या की माल मापात आहे असे समजायचे. हीच पद्धत नकाशा काढणाऱ्यालाही उपयोगाची आहे. ज्या भट्टीचा माल घ्यायचा तिच्या वीस विटा रचून माप घेतले आणि त्याला वीसने भागले की त्या कामापुरती खरी जाडी हाती येते. अर्ध्या तासाचे हे काम बहुतेक वेळा होत नाही.

तयार नक्षीतली अमेरिकन वीट

संगणकावरील ४४ थरांचे मूळ वेगळ्याच ठिकाणी आहे. १९८२ मध्ये बाजारात आलेले ऑटोकॅड आजही आपल्याकडील बहुसंख्य कार्यालयांत वापरले जाते. भिंतीचा भाग निवडून त्यात नक्षी भरण्याची सोय, म्हणजे 'हॅच', या आज्ञावलीत आहे. विटेसाठी जी तयार नक्षी सर्वाधिक वापरली जाते तिचे नाव 'एआर-बीआरएसटीडी'. ती अमेरिकन विटेवर बेतलेली आहे. आठ इंच लांब वीट, आणि तीन थर मिळून आठ इंच, असा तिचा हिशेब. म्हणजे एक थर दोन पूर्णांक दोन तृतीयांश इंचांचा, सुमारे ६८ मिलिमीटरचा. तीन मीटरला या थराने भागले की ४४ येतात. आपली वीट ७५ मिलिमीटरची आणि सांधा १० चा धरला तर थर ८५ चा होतो आणि त्याच उंचीत ३५ थर बसतात.

ही नक्षी रेखाचित्रात आपोआप योग्य जागी सुरू होते असेही नाही. तिचा आरंभबिंदू वेगळा दिला नाही तर ती रेखाचित्राच्या मूळबिंदूपासून मोजली जाते. तो बिंदू इमारतीपासून कितीही दूर असू शकतो. परिणामी जोत्यावरचा पहिला थर अर्धाच दिसतो, तर खिडकीच्या माथ्यावर विटेची पातळ चीप उरते. रेखाचित्र मिलिमीटरमध्ये आणि नक्षी इंचाच्या फाइलमधली असेल तर रेषा इतक्या दाट होतात की भिंत काळी दिसते. मग आरेखक नक्षीचे प्रमाण डोळ्यांना बरे दिसेपर्यंत वाढवत नेतो. त्या क्षणी त्या रेषा माप उरत नाहीत, सजावट होतात. यात आरेखकाला दोष देणे फारसे न्याय्य नाही. आयटीआयमध्ये आणि खासगी वर्गांत आज्ञा शिकवल्या जातात. कोणती वीट वापरणार हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

उपाय सोपा आहे. ऑटोकॅडमध्ये तयार नक्षीऐवजी 'यूजर डिफाइन्ड' हा पर्याय निवडून रेषांतील अंतर मिलिमीटरमध्ये भरता येते. आरंभबिंदू जोत्याच्या माथ्यावर ठेवायचा. एवढ्याने आडव्या रेषा खऱ्या थरांच्या होतात. उभे सांधे दाखवायचे असतील तर आपल्या विटेच्या मापाची नक्षी लिहून घेता येते. ती फाइल म्हणजे आकड्यांच्या काही ओळींचा साधा मजकूर असतो. रेव्हिटसारख्या त्रिमितीय आज्ञावलीत मात्र एक भेद ठाऊक असावा लागतो. तिच्यात 'मॉडेल पॅटर्न' आणि 'ड्राफ्टिंग पॅटर्न' असे दोन प्रकार आहेत. पहिला भिंतीला चिकटलेला, खऱ्या मापाचा असतो आणि त्याच्या रेषेशी खिडकी जुळवता येते. दुसरा कागदाच्या मापाचा असतो. रेखाचित्राचे प्रमाण बदलले की भिंतीवरील विटांची संख्याही बदलते. दर्शनी भिंतीसाठी दुसरा प्रकार वापरला तर थर मोजण्यात अर्थ नाही.

खिडकीपाशी काय होते?

प्रश्न केवळ रेषांचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. थराची उंची ठरली की इमारतीच्या बाकीच्या उंचींनाही तिच्याशी जुळवून घ्यावे लागते, आणि खरा फायदा-तोटा तिथे आहे. आपल्याकडे खिडकीचा उंबरा जोत्यापासून ९०० मिलिमीटरवर आणि दार-खिडकीचा माथा २१०० मिलिमीटरवर धरण्याची सवय आहे. १०० मिलिमीटरच्या थरात हे आकडे नऊ आणि एकवीस थरांवर बिनचूक बसतात. ८५ च्या थरात बसत नाहीत. दहा थरांत ८५० मिलिमीटर होतात आणि उंबऱ्याखाली ५० उरतात. चोवीस थरांत २०४० होतात आणि माथ्याखाली ६० उरतात.

हे ६० मिलिमीटर भरून काढण्याचे काम शेवटी गवंड्यावर येते. तो विटा उभ्या चिरून पातळ तुकडे बसवतो, अथवा काँक्रीटची पट्टी ओततो, अथवा प्रत्येक सांधा थोडा थोडा जाड करत चोवीस थरांत ती उंची पचवतो. तिसरा मार्ग दिसायला बरा, पण त्यात सांधा साडेबारा मिलिमीटरपर्यंत जातो आणि सार्वजनिक बांधकामाच्या विनिर्देशांतील एक सेंटिमीटरची मर्यादा ओलांडली जाते. सांधा जाड झाला की सिमेंट अधिक लागते आणि भिंतीची ताकदही घटते. लिंटेल खाली आणावी तर २१०० ची तयार चौकट बसत नाही.

हेच गणित कागदावर आधी केले तर वीट चिरावी लागत नाही. २१०० ला २५ ने भागले की ८४ येतात. ७५ मिलिमीटरची वीट आणि ९ मिलिमीटरचा, म्हणजे गवंड्याच्या भाषेत तीन सुतांचा सांधा. पंचविसाव्या थराच्या माथ्यावर लिंटेल अचूक येते. उंबरा अकराव्या थरावर, ९२४ मिलिमीटरवर घेतला की खिडकी चौदा थरांची, ११७६ मिलिमीटरची होते. स्वयंपाकघरातील ओट्यावरची खिडकी तेराव्या थरावर, १०९२ वर येते. एका मजल्याची उंची ३००० ऐवजी ३०२४ धरली की ३६ थर पूर्ण होतात. या आकड्याला १८ ने भागले तर जिन्याची पायरी १६८ मिलिमीटरची, बरोबर दोन थरांची निघते, आणि जिन्याशेजारच्या उघड्या भिंतीत प्रत्येक पायरीचा माथा एका सांध्याशी जुळतो. चोवीस मिलिमीटर उंची वाढवून हे सारे साधत असेल तर ९०० आणि ३००० या गोल आकड्यांचा आग्रह कशासाठी धरायचा, हे समजत नाही.

थरांची मोजणी मात्र जोत्याच्या माथ्यापासून व्हायला हवी, रस्त्यापासून नव्हे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पंचगंगेच्या पट्ट्यात जोते किती उंच घ्यायचे हा पूररेषेचा प्रश्न झाला आहे. ती उंची विटेच्या सोयीने ठरत नाही. जोते दगडाचे वा काँक्रीटचे असू द्यावे आणि त्याच्या माथ्याला शून्य मानून पुढचे थर मोजावेत, म्हणजे खालच्या फेरबदलांचा वरच्या रेषांना त्रास होत नाही.

भूकंपपट्ट्याचा संबंध

आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कोल्हापूरचा समावेश तिसऱ्या भूकंप क्षेत्रात होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण या भागातील जुन्या पिढीला आहेच. भिंतींवर भार घेणाऱ्या वीटकामात भूकंपापासून बचावासाठी लिंटेलच्या पातळीवर सर्व भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा घालावा लागतो. आयएस ४३२६ नुसार दोन सळयांच्या पट्ट्याची जाडी किमान ७५ मिलिमीटर आणि चार सळयांच्या पट्ट्याची किमान १५० मिलिमीटर असावी लागते. आता ८४ चा थर घेतलेल्या घरात पहिला पट्टा एका थराएवढा, ८४ मिलिमीटरचा करता येतो आणि दुसरा दोन थरांएवढा, १६८ मिलिमीटरचा. दोन्ही मानकात बसतात आणि पट्ट्यानंतरचा थर जागच्या जागी सुरू होतो.

थर न मोजलेल्या घरात अडचण अशी येते की चारही भिंतींचे माथे एका पातळीत नसतात. एका बाजूला गवंडी पंचविसाव्या थरावर असतो, दुसऱ्या बाजूला तीन बोटे खाली. सलग राहायला हवा असलेला पट्टा मग कोपऱ्यावर पायरीसारखा चढवला जातो किंवा तुकड्यांत ओतला जातो. सारी भिस्त सलगपणावर असलेल्या गोष्टीचा सलगपणाच तेथे जातो. विटा उघड्या असोत वा गिलाव्याखाली, हा धोका दोन्ही ठिकाणी सारखाच आहे. म्हणून थरांची मोजणी ही केवळ हौशी वास्तूंची बाब नाही.

वीट कशी ठेवली यावरही थर बदलतो

एकच वीट दोन वेगळ्या उंचींचे थर देऊ शकते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमध्ये रुजवलेल्या 'रॅट-ट्रॅप' बांधणीत वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवतात आणि भिंतीच्या पोटात पोकळी राखतात. सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. पण थराची उंची आता विटेच्या जाडीवर नव्हे, रुंदीवर ठरते. ११० मिलिमीटर रुंदीच्या विटेचा थर १२० चा होतो. नकाशात बांधणीचा प्रकार लिहिला नसेल तर वरचे सारे हिशेब कोलमडतात.

तयार नक्षीचा आणखी एक दोष येथे सांगण्यासारखा आहे. ती फक्त लांब बाजू दिसणाऱ्या विटांची रांग दाखवते. चार इंची भिंतीत ते ठीक आहे. नऊ इंची भिंतीत मात्र दोन पदर एकमेकांना बांधून ठेवण्यासाठी काही विटा आडव्या घालाव्याच लागतात आणि त्यांची तोंडे दर्शनी भागात दिसतात. नकाशा ती दाखवत नाही. अनुभवी गवंडी नकाशाकडे दुर्लक्ष करून भिंत योग्य बांधतो, आणि मग मालकाची तक्रार येते की चित्रात होते तसे झाले नाही.

हलक्या ठोकळ्यांच्या, म्हणजे आपल्याकडे सर्रास 'सिपोरेक्स' म्हटल्या जाणाऱ्या बांधकामात थर बहुधा २०० मिलिमीटरचा आणि सांधा तीन-चार मिलिमीटरचा असतो. तेथे हिशेब सोपा आहे. त्यावर विटेसारख्या टाइल्स चिकटवायच्या असतील तर टाइलचा थर वेगळा मोजावा लागतो, इतकेच.

प्रत्येक वीट काढायची का?

थर दाखवायचे म्हणजे संपूर्ण दर्शनी भागावर रेषाच रेषा, असा समज होण्याचे कारण नाही. परवानगीसाठी सादर होणाऱ्या १:१०० प्रमाणाच्या रेखाचित्रात ८४ मिलिमीटरचा थर कागदावर एक मिलिमीटरही भरत नाही. छापल्यावर तो भाग करडा, मळका दिसतो आणि मापे वाचता येत नाहीत. परवानगी देणाऱ्या यंत्रणेला विटांच्या थरांत रसही नसतो. अशा रेखाचित्रात भिंतीच्या एका कडेला अरुंद पट्टी आखून तिच्यावर थरांच्या खुणा आणि दर पाचव्या थराचा आकडा दिला की काम भागते. उंबरा, माथा, पट्टा आणि कठडा यांच्यासमोर मिलिमीटरबरोबर थराचा क्रमांकही लिहावा. 'लिंटेल, थर २५' एवढे वाचले की गवंड्याला फीत उलगडावी लागत नाही.

सविस्तर रेखाचित्र १:२० प्रमाणात आणि तेही फक्त एका खिडकीभोवतीच्या भागाचे पुरते. तेथे थर चार मिलिमीटरहून जाड उमटतो, सांधा वेगळा दिसतो, कोपऱ्यावरचा अद्धा कुठे येणार हेही दाखवता येते. थरांच्या रेषा सर्वांत बारीक आणि भिंतीची बाह्यरेषा ठळक ठेवली की चित्र वाचनीय राहते.

कडेच्या पट्टीची ही कल्पना संगणकाने दिलेली नाही. जाणते गवंडी लाकडी पट्टीवर थरांच्या खुणा करून ती कोपऱ्याला उभी धरतात आणि तिच्यावरून दोरी बांधतात. ओळंबा भिंत सरळ ठेवतो, पाणसळ ती समपातळीत ठेवते आणि खुणांची पट्टी चारही कोपरे एकाच थरावर आणते. रेखाचित्रातील पट्टी पूर्ण मापात छापून घेतली तर तीच थेट लाकडावर चिकटवता येते.

जुन्या वास्तूंसाठी उलटा प्रवास

नव्या घरात नकाशावरून थर ठरतात. जुन्या वास्तूच्या दुरुस्तीत थर मोजून नकाशा करावा लागतो. विटेशी कोल्हापूरचे नाते तसे फार जुने आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात सातवाहनकाळातील विटांची घरे उजेडात आली. संस्थानकाळातील भव्य वास्तू मात्र दगडाच्या झाल्या. चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावरून उभा राहिलेला टाउन हॉल आणि १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला नवा राजवाडा ही त्यांची ठळक उदाहरणे.

घडीव दगडाच्या भिंतीत सगळे थर सारख्या उंचीचे असतीलच असे नाही. खाणीतून जसा दगड निघाला तसे ते ठरतात. अशा भिंतीवर तयार नक्षी भरणे म्हणजे वास्तूची चुकीची नोंद करणे होय. प्रत्येक थर स्वतंत्र मोजावा लागतो. आता लेसर स्कॅनिंगने किंवा अनेक छायाचित्रे जोडून मापात बसवलेली दर्शनी प्रतिमा तयार करता येते आणि तिच्यावरून दगडन् दगड रेखता येतो.

अशी नोंद किती मोलाची असते, हे शहराने नुकतेच अनुभवले आहे. शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून पूर्ण झालेले संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. ते पूर्वी होते तसेच उभारावे, ही मागणी रंगकर्मींनी आणि नागरिकांनी लगेच केली. 'तसेच' या शब्दाचा अर्थ छायाचित्रांवरून अर्धाच लावता येतो. रुंदी आणि उंची त्यांतून काढता येतात, पण कोणता थर किती उंचीचा होता आणि कमान कोणत्या थरावर सुरू होत होती, हे मापे घेतलेल्या रेखाचित्राशिवाय सांगता येत नाही. शहरातील इतर जुन्या वास्तू सुस्थितीत आहेत तोवर त्यांच्या दर्शनी भागांची अशी रेखाचित्रे करून ठेवणे महापालिकेला आणि पुरातत्त्व विभागाला अशक्य नाही.

नव्या बांधकामात मालकाने एवढे पाहावे की रेखाचित्रावर विटेचे माप, सांध्याची जाडी आणि थराची उंची हे तीन आकडे लिहिलेले आहेत का. नसतील तर त्यावरील विटा सजावटीच्या समजाव्यात. भट्टी बदलली तर हे आकडेही बदलावे लागतात. ७५ ऐवजी ७८ मिलिमीटरची वीट आली तर ८४ च्या थरात सांध्याला केवळ सहा मिलिमीटर उरतात. तेव्हा २१०० मध्ये २५ ऐवजी २४ थर घेऊन थर साडेसत्त्याऐंशी मिलिमीटरचा करावा लागतो. संगणकावर हा बदल काही मिनिटांचा आहे; अर्धी भिंत चढल्यावर तो करता येत नाही. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात आणि शिल्लक माल जिथून मिळेल तिथून आणावा लागतो. त्यामुळे दर्शनी भिंतीच्या सगळ्या विटा एकाच भट्टीवरून मेअखेर जागेवर उतरवून घ्याव्यात, आणि चिरफाळीसाठी व तुटफुटीसाठी थोड्या जादा ठेवाव्यात.